शेवटी जेवणारीचं ताट



मागच्या महिन्यातल्या बैठकीची गोष्ट. बचतीचे पैसे गोळा करून झाले, वही मिटली, आणि आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, "रात्री दोनला जाग येते. छातीत धडधडतं. झालेलं काही नसतं, पण काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं." क्षणभर कोणी बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, "मलापण." तिसरीनं नुसती मान हलवली. त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं टेन्शन घेऊ नको, कोणी म्हणालं नजर काढून टाक, कोणी एका बाबाचं नाव सांगितलं. आशाताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "रात्री जेवतेस काय?"

ती हसली. म्हणाली, "उरलं ते."

त्या दोन शब्दांवरून आम्हाला आजची गोष्ट सांगावीशी वाटली. गोष्ट जुनी आहे, सातासमुद्रापलीकडची आहे, पण ऐकताना आपल्याच वाड्या-वस्तीतली वाटेल. जीव घाबरा होणं आणि पोटात काय पडतं, यांचा संबंध माणसांना कसा कळला आणि कळायला किती उशीर लागला, त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात मक्यापासून. मका मूळचा मेक्सिकोकडचा. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवत, रात्रभर तसेच ठेवत, सकाळी चोळून धुवत आणि दगडी पाट्यावर वाटून त्याच्या पोळ्या थापत. असं का करायचं हे त्यांना कोणत्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. साल सुटते, वाटणं हलकं होतं, पोळी नीट थापली जाते, एवढं त्यांना दिसत होतं. पण त्या चुन्यानं न दिसणारं आणखी एक काम होत होतं. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते दाण्यात असं बांधलेलं असतं की नुसता मका खाल्ला तर अंगाला फारसं लागत नाही. चुन्यात शिजवलं की ती गाठ सुटते.

कोलंबसानंतर मका जहाजांतून युरोपात गेला. बियाणं गेलं, पण चुन्याची रीत मेक्सिकोच्या स्वयंपाकघरातच राहिली. बियाणं नेणाऱ्यांनी रांधणाऱ्या बायकांना काही विचारलं नसावं असं आम्हाला वाटतं.

परिणाम दिसायला वेळ लागला. 1735 साली उत्तर स्पेनमधल्या ओव्हिएदो गावचे डॉक्टर गास्पार कासाल यांनी गरीब शेतकऱ्यांच्या एका नव्या रोगाची नोंद केली. ही माणसं जवळजवळ मक्यावरच जगत होती. हातापायांची आणि गळ्याभोवतीची कातडी लाल होऊन खरखरीत व्हायची, आणि मनावर उदासी यायची. 1771 साली इटलीतल्या मिलानच्या फ्रापोल्ली नावाच्या डॉक्टरांनी त्याला पेलाग्रा हे नाव दिलं. अर्थ एवढाच, की खरखरीत कातडी. उत्तर इटलीचा गरीब माणूस मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा खाऊन दिवस काढायचा, आणि तिथल्या वेड्यांच्या इस्पितळांत पेलाग्राचे रोगी भरलेले असायचे.

आता अमेरिकेत येऊ, कारण खरी गोष्ट तिथे घडली.

अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणजे कापसाचा मुलूख. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे गरीब कुटुंबं मालकाची जमीन वाट्यानं करायची. मालकाला कापूस हवा, दुकानदार उधारी द्यायचा ती कापसावर, त्यामुळे कापूस अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत पेरलेला. भाजीचा वाफा नाही, गाय नाही. उधारीवर मिळायचं काय, तर मक्याचं पीठ, मक्याच्या कण्या, डुकराची चरबी आणि काकवी. कापडगिरण्यांच्या वसाहतींत राहणाऱ्या मजुरांचं ताटही असंच होतं. पोट भरायचं, त्यामुळे उपासमार आहे असं कोणी म्हणत नव्हतं.

1906 साली अलाबामा राज्यातल्या माउंट व्हर्नन इथल्या मनोरुग्णालयात एकदम साथ आल्यासारखं झालं. तिथे काळ्या लोकांना ठेवत. डॉक्टर जॉर्ज सर्सी यांनी 88 रोगी मोजले, त्यांतले 57 दगावले. त्यांनी एक विशेष गोष्ट टिपली. रोग्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांपैकी कुणालाही तो रोग झाला नव्हता.

त्यानंतर गावोगाव पेलाग्रा दिसू लागला. पुढच्या पस्तीसेक वर्षांत सुमारे 30 लाख माणसांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास मेली, असा अंदाज सांगतात.

हा रोग कसा सुरू व्हायचा, ते नीट ऐका. कातडीवरचे चट्टे दिसायच्या आधीच पुष्कळांना थकवा यायचा, झोप उडायची, चिडचिड व्हायची, उगाच भीती वाटायची. लहानशा आवाजानं दचकायला व्हायचं. मग कातडी, मग जुलाब, आणि उपाय झाला नाही तर भ्रम. शेवटी माणूस कुणाला ओळखेना झालं की त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडायचं. म्हणजे सुरुवातीला हा रोग निव्वळ भित्र्या स्वभावासारखा दिसायचा. बाई रडते, बाई झोपत नाही, बाई कामाला कंटाळते.

कारणं शोधणाऱ्यांची कमी नव्हती. मोठमोठे डॉक्टर म्हणत हा संसर्ग आहे, माश्यांमधून किंवा घाणीतून पसरतो. म्हणून लोक रोग्याजवळ बसेनात, काही इस्पितळं दारात उभं करेनात. 1916 साली वंशशास्त्राचे एक नामवंत अभ्यासक चार्ल्स डॅव्हेनपोर्ट यांनी लिहिलं की दोष काही घराण्यांच्या रक्तातच आहे. एकाच घरात आईला आणि लेकराला रोग होतो, म्हणजे तो रक्तातून येतो असा हिशेब. एकाच घरातली माणसं एकाच चुलीवरचं खातात, एवढा साधा हिशेब त्यांना सुचला नाही.

1914 साली सरकारनं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना दक्षिणेत पाठवलं. हे हंगेरीहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले, न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत वाढलेले. त्यांनी यंत्रं-बिंत्रं न लावता आधी फिरून बघितलं. मनोरुग्णालयांत रोग्यांना पेलाग्रा होतो, नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर नोकर सुटले नसते. मग फरक कुठे आहे? नोकर आपल्या ताटात आधी आणि चांगलं वाढून घेत होते.

मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरातल्या अनाथाश्रमांत त्यांना आणखी विचित्र गोष्ट दिसली. अगदी लहान मुलांना रोग कमी, मोठ्या मुलांना कमी, आणि सहा ते बारा वर्षांच्या मधल्या मुलांना भरपूर. चौकशी केल्यावर उलगडलं. लहानांना दूध मिळत होतं. मोठी मुलं काम करायची म्हणून त्यांना मांस मिळत होतं. मधली मुलं दुधाच्या वयाची नाहीत आणि कमावत्या वयाचीही नाहीत, त्यांच्या वाट्याला कण्या आणि काकवी. गोल्डबर्गर यांनी सगळ्यांना दूध, अंडी, मांस, वाल-वाटाण्यासारखी कडधान्यं सुरू करायला लावली. पुढच्या हंगामात रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तरी लोकांना पटेना. म्हणून 1915 साली मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंगाच्या शेतावर त्यांनी उलटा प्रयोग केला. राज्यपालांनी कैद्यांना माफीचं वचन दिलं आणि निरोगी कैदी स्वतःहून पुढे आले. त्यांना मका, पांढरं पीठ, भात, रताळी, काकवी असं पोटभर पण एकसुरी जेवण सुरू केलं. शेवटपर्यंत राहिलेल्या 11 जणांपैकी 6 जणांना सहा महिन्यांत पेलाग्रा झाला. अहवालात नोंद आहे की वजन आणि ताकद घटणं आणि मन अस्वस्थ होणं ही लक्षणं लवकर आली, कातडी त्यानंतर. माफीची लालूच दाखवून माणसांवर असा प्रयोग करणं आज कुणी चालवून घेणार नाही, आणि ते योग्यच आहे.

विरोधकांचं तोंड तरीही बंद होईना. मग 1916 साली गोल्डबर्गर यांनी स्वतःवर प्रयोग केले. रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या अंगावरचे पापुद्रे आणि मलमूत्र पिठात मळून गोळ्या करून गिळल्या. त्यांच्यासोबत मित्र आणि सहकारी होते, एकूण 16 जण, त्यांत बाई एकच. त्यांची बायको मेरी. तिनं हट्ट धरला, पण पुरुषांनी तिला गोळ्या गिळू दिल्या नाहीत. मग तिनं एका रोगी बाईचं रक्त पोटात टोचून घेतलं. यांपैकी कुणालाच पेलाग्रा झाला नाही.

आता ज्या भागासाठी आम्ही ही गोष्ट सांगायला घेतली तो भाग.

गोल्डबर्गर यांच्या जोडीला एडगर सायडनस्ट्रिकर नावाचे अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. कादंबरीकार पर्ल बक यांचे हे मोठे भाऊ. दोघांनी 1916 पासून साउथ कॅरोलिना राज्यातल्या गिरणीमजुरांच्या सात वसाहती निवडल्या आणि घरोघर मोजणी सुरू केली. कमाई किती, दुकानातून काय आणलं, गाय आहे का, परसात काय आहे, बाजारात ताजं मिळतं का. जितकी कमाई कमी, तितका पेलाग्रा जास्त, हे आकड्यांत स्वच्छ दिसलं. पण कमाई सारखीच असलेल्या दोन वसाहतींतही फरक निघाला. जिथे जवळपासचे शेतकरी दूध-भाजी विकायला येत, तिथे रोग कमी होता.

आणि घराच्या आत पाहिलं तर आणखी फरक. वीस ते पंचेचाळीस या वयात पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग कितीतरी जास्त होता. गिरणीत राबणाऱ्या पुरुषाला मांसाचा तुकडा, लेकरांना असेल तेवढं दूध, आणि बाईला मक्याची भाकरी नि काकवी. तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. वाढणारी तीच होती आणि स्वतःच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात घालणारीही तीच. त्यातच बाळंतपणं आणि अंगावरचं पाजणं. म्हणून रात्री जागी राहणारी, दचकणारी, आणि शेवटी इस्पितळाच्या दारात सोडली जाणारी घरातली आईच असायची. तिच्या भीतीला लोकांनी स्वभाव म्हटलं, रक्ताचा दोष म्हटलं. तिच्या ताटात बघायला एवढी वर्षं लागली.

हे कळल्यावर लोकांनी आनंदानं मान्य केलं असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. 1920 साली कापसाचे भाव कोसळले. पुढच्या वर्षी गोल्डबर्गर यांनी सांगितलं की आता घरांत खायला आणखी कमी जाईल आणि पेलाग्रा वाढेल. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा केली तर दक्षिणेचे पुढारी खवळले. आमच्याकडे दुष्काळ नाही, आमची बदनामी करू नका, असा त्यांचा सूर होता. घरात खायला नाही हे सांगायची लाज माणसालाच असते असं नाही, राज्यालाही असते.

गंमत अशी, की माणसांनी ऐकलं नाही ते एका किड्यानं ऐकायला लावलं. कापसाच्या बोंडांवर पडणारा सोंडकिडा मेक्सिकोकडून आला आणि गावंच्या गावं पिकं खाऊन गेला. नाइलाजानं काही शेतकरी भुईमूग आणि खायची पिकं घेऊ लागले. अलाबामातल्या एंटरप्राइज गावानं तर 1919 साली या किड्याच्या नावानं स्मारकच उभारलं, भुईमुगानं गाव सावरलं म्हणून. बोंडअळीनं कंबरडं मोडलेल्या आपल्या भावाबहिणींना यात गंमत वाटणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जिथे कापूस हटून खायचं पीक आलं तिथे पेलाग्राही हटला, ही गोष्ट खरी.

औषधाचं थोडक्यात सांगतो. गोल्डबर्गर यांना कळलं की दारू गाळताना उरणारं यीस्ट हे स्वस्त औषध आहे. 1927 साली मिसिसिपी नदीला महापूर आला तेव्हा रेडक्रॉसनं तेच वाटलं. 1929 साली ते वारले, नेमका घटक त्यांना सापडला नव्हता. तो 1937 साली कॉनराड एल्व्हेम यांना सापडला, निकोटिनिक आम्ल. पुढे टॉम स्पीस आणि इतर डॉक्टरांनी ते रोग्यांना दिलं. भ्रमात बडबडणारी माणसं काही दिवसांतच शुद्धीवर आली, आणि सुरुवातीची भीती नि निद्रानाश असलेल्यांना त्याहून लवकर आराम पडला. नाव निकोटीनसारखं, म्हणून पावात तंबाखू घालतात असा लोकांचा समज होईल या धास्तीनं ते बदलून नायसिन केलं. तेव्हा बायांनो, मिश्री लावून ते मिळत नाही. उलट मिश्रीनं धडधड वाढते.

दुधात नायसिन फारसं नसताना दुधानं रोगी बरे का व्हायचे, हे कोडं 1945 साली सुटलं. दूध, अंडी, डाळी, मांस यांत प्रथिनांचा ट्रिप्टोफॅन नावाचा एक तुकडा असतो. त्यापासून शरीर स्वतःच थोडं नायसिन बनवतं. मन आणि झोप थाऱ्यावर ठेवणारं सेरोटोनिन नावाचं द्रव्यही त्याच तुकड्यापासून बनतं.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटत असेल तर आता हैदराबादला चला. तिथल्या पोषण संशोधनशाळेतल्या डॉक्टर गोपालन आणि डॉक्टर श्रीकांतिया यांनी 1960 साली जगाला सांगितलं की दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होतो. ही माणसं ज्वारी खात होती. ज्वारीत ल्युसिन नावाचा प्रथिनाचा तुकडा जास्त असतो आणि तो नायसिनच्या कामात अडथळा आणतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांनाच हा रोग दिसत होता, याबद्दल वाद नव्हता.

म्हणून ज्वारी सोडा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आपली भाकरी चांगलीच आहे, फक्त ती ताटात एकटी पडायला नको. भाकरीसोबत पिठलं, मटकीची उसळ, ताक, शेंगदाण्याची चटणी, कोकणात सुकट, ही सोबत आपल्या आज्यांनी उगाच लावलेली नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. पण उसळ संपल्यावर जी बसते, तिच्या ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचाच राहतो, आणि ठेच्यातले दाणेही त्या दिवशी कमीच घातलेले असतात.

भूक मनाचं काय करते याचा आणखी एक पुरावा सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण निवडले. मनानं खंबीर असलेलेच पारखून घेतलेले. सहा महिने त्यांना रोजच्या निम्मंच जेवण दिलं. वजन चौथाईनं घटलं, ते अपेक्षितच होतं. पण हे खंबीर गडी चिडखोर झाले, चिंता करू लागले, एकलकोंडे झाले, रात्रंदिवस जेवणाचाच विचार करू लागले. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांना कर्ज नव्हतं, सासुरवास नव्हता, पोरीच्या लग्नाची काळजी नव्हती. फक्त जेवण कमी होतं.

आता आम्हाला एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. सगळी भीती ताटातून येत नाही. कर्जाची, मारहाणीची, माणूस गेल्याची भीती शेंगदाण्यानं जात नाही. आणि आज आपल्याकडे पेलाग्रा क्वचितच दिसतो. आपल्याकडे जास्त दिसतं ते रक्त कमी असणं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांचं रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की छाती धडधडते, धाप लागते, हातपाय गळतात, आणि तेच घाबरं होण्यासारखं वाटतं. थायरॉइडनंही असं होतं. तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यायचं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. डॉक्टरांनी मनासाठी गोळ्या दिल्या असतील तर त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

आमच्या त्या मैत्रिणीनं रक्त तपासलं. ते कमीच होतं. गोळ्या सुरू आहेत, आणि आता ती सगळ्यांसोबतच ताट वाढून घेते. पहिल्या दिवशी हात अवघडला, असं म्हणाली. रात्रीची धडधड कमी झाली आहे. सोसायटीच्या कर्जाची काळजी आहे तेवढीच आहे, पण ती दिवसा करते.

तिच्या सासूबाई मात्र अजून शेवटीच बसतात. चाळीस वर्षांची सवय. त्यांना हे सांगायचं कुणी, यावर आमची पुढची बैठक पाऊण तास चालली, आणि ठरलं काहीच नाही. तुमच्याकडे कुणी सांगितलं असेल तर कसं सांगितलं, ते पुढच्या मंगळवारच्या आत केंद्रावर फोन करून आम्हाला कळवा.